चादरीची चार टोकं

"तू तोडलंच नव्हतंस ना, ताई?"

धाकटीनं हे विचारलं तेव्हा चादरीची दोन टोकं तिच्या हातात होती, दोन ताईच्या. आणि दोन वर्षांच्या अबोल्यानंतर तिनं आपणहून उच्चारलेलं हे पहिलंच वाक्य होतं!

आई गेल्यापासून घरची लाँड्री ताईच ओढत होती. हॉटेलांच्या चादरी धुवायच्या, वाळवायच्या, इस्त्री करायच्या... आणि मोठ्या चादरीची घडी काही एकटीनं होत नाही. म्हणून त्या दोघी रोज समोरासमोर उभ्या राहत, चादर ताणत, एकमेकींकडे चालत येत, टोकाला टोक जुळवत, आणि बोटांना बोटं लागताच धाकटी चटका बसल्यासारखा हात काढून घेई. ताई मुकाट्यानं पुढची चादर उचले. तिची पाठ भरून आलेली असे, आणि मनही.

"तो आज बसथांब्यावर भेटला. म्हणाला, मला तुला सांगवत नव्हतं, तुझ्या ताईचे उपकार झाले माझ्यावर. हसत होता गं!"

ताईच्या डोळ्यांपुढे ती दुपार उभी राहिली. धाकटीचं ज्याच्यावर प्रेम होतं ते पोर लाँड्रीच्या पायरीवर नखं कुरतडत बसलं होतं. "आता पूर्वीसारखं वाटत नाही, ताई. भांडण नाही, काही नाही... नुसतं वाटत नाही. तिला कसं सांगू?" त्याच्यावर रागवावं तरी कशासाठी? त्या वयाचं प्रेम असंच सरतं, कुणाचाच दोष नसताना. पण आईविना वाढणाऱ्या सतरा वर्षांच्या जिवाला 'तू त्याला नकोशी झालीस' हे कुठल्या तोंडानं सांगायचं? त्यापेक्षा खापर आपल्या माथी फुटलेलं काय वाईट! "तू गप्प राहा, मी बघते," ती त्याला म्हणाली होती, आणि संध्याकाळी धाकटीला सांगून मोकळी झाली होती, "मी त्याला इथं यायची बंदी केलीय."

"का केलंस असं?" धाकटीनं आता चादर न सोडता विचारलं.

"तू मोडून पडली असतीस, बाळा..."

"आठवडाभर रडले असते, त्याला चार शिव्या घातल्या असत्या आणि उठले असते! पण मला वाटत राहिलं, आमचं सगळं खरं होतं, तूच आड आलीस. तेच उराशी धरून बसले मी. तो कधीचाच गेला होता... आणि मी तुला सोडून बसले होते, ताई!"

आपला त्याग असा अंगाशी येईल, हे ताईच्या स्वप्नातही नव्हतं. ती फार दमली होती.

"चुकलंच माझं," ती कशीबशी म्हणाली. "चल, ही घडी तरी उरकू."

दोघी एकमेकींकडे चालत आल्या. टोकाला टोक मिळालं, बोटांना बोटं लागली... या वेळी धाकटीनं हात काढून घेतला नाही. ताईच्या खांद्यावर डोकं टेकून ती हमसून हमसून रडली, आणि दोघींच्या मध्ये चादर पार चुरगळून गेली.

"परत इस्त्री करावी लागणार," ताई डोळे पुसत म्हणाली.

"मी करते. तू बस जरा."

आणि ताई खरंच बसली.