काचेच्या पट्टीमागे

हसणार नसाल तर सांगते. जरा जवळ सरकून बसा, हे मोठ्याने बोलवत नाही.

विम्याचा सर्वेअर सकाळी अकराला आला. आमच्या हॉलच्या भिंतीला जमिनीपासून छतापर्यंत तिरपी भेग गेलेली, दार लागेना, फरशी एका कोपऱ्याकडे उतरलेली. त्याने भेगेवर बोटभर रुंद काचेची पट्टी आडवी चिकटवली आणि तिच्यावर तारीख लिहिली.

"तीन महिने थांबायचं," तो म्हणाला. "काच तडकली, तर जमीन अजून खचतेय, क्लेम पास. नाही तडकली, तर भेग जुनी. मग कंपनी काही देणार नाही. आणि हात लावायचा नाही हं."

क्लेम नाही, तर दुरुस्ती नाही. म्हणजे आम्ही घराबाहेर.

भिंतीपलीकडे धाकट्या जावेचं घर. सासऱ्यांनी दोन मुलांसाठी एका भिंतीची दोन घरं बांधली आणि वाटणीला चिठ्ठ्या टाकल्या. या घराची चिठ्ठी मीच उचलली, माझ्या या हाताने! तिच्या बाजूला केसाएवढाही चरा नाही. वर हौसेने पिस्ता रंग काढला बाईने. रोज येऊन हळहळायची. "ताई, आमच्याकडे कसं काहीच नाही हो?" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

दोन महिने झाले तरी काच तडकेना. एका दुपारी मी घरात एकटीच होते. पलीकडे तिचं गुणगुणणं चाललं होतं, अगदी निवांत. माझं डोकं फिरलं. भेगेला तोंड लावून म्हटलं, "माझंच घर दिसलं का तुला? तिकडे जा की!"

गुणगुणणं थांबलं... भेगेतून ओल्या मातीचा गार वास आला. मग कुणीतरी खोल श्वास आत ओढावा, तसा आवाज.

महिन्याने सर्वेअर परत आला तेव्हा काच जागच्या जागी, अख्खी. तिच्यामागे आदल्या रात्रीपर्यंत असलेली भेगच नव्हती; दार लागत होतं, फरशीही सपाट. त्याने मोबाइलमधला जुना फोटो तीनदा पाहिला.

"लिंपून घेतलीत का?"

"काच न काढता कशी लिंपणार?"

तो आवाज खाली आणून म्हणाला, "खचलेलं घर वर येत नाही हो, बाई..."

तेवढ्यात पलीकडून धाकटी ओरडली. आम्ही धावलो. तिच्या पिस्ता भिंतीवर तीच भेग, मधल्या वाकड्या वळणासकट. खोटं कशाला बोलू, आधी मला आनंद झाला. भीती नंतर वाटली.

आता तिच्या भेगेवर काच आहे. तिचं दार लागत नाही, म्हणून दुपारची माझ्याकडे येऊन बसते. हळहळायची पाळी आता माझी. काल चहा घेऊन बाहेर आले, तर ती माझ्या भिंतीला तळवा टेकवून उभी. ओठ हलत होते.

"काय म्हणतेस गं?"

"कुठे काय, ताई... तुमची भिंत किती छान सरळ आहे, तेच बघत होते."

ती नजर मी ओळखली. तीन महिने आरशात तीच बघत होते ना!

ती गेल्यावर मी जवळ जाऊन पाहिलं. सर्वेअरने ती पट्टी काढलेलीच नाही. तिच्यावर वाफ धरली होती. बोटाने पुसली, पुसली जाईना. वाफ काचेच्या आतल्या बाजूला होती... पसरायची, विरायची. पुन्हा पसरायची, विरायची.