निनावी लहर

मुलुंड पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, श्यामसुंदर निमकर रोज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी दोन जुने रेडिओ लावून बसत. एक तीनशे ऐंशी किलोहर्ट्झवर लावलेला. त्या लहरीवर टेकडीवरचे दिशादर्शक केंद्र वैमानिकांना वाट दाखवीत असे. दुसरा एकशे अठरा मेगाहर्ट्झच्या वरच्या पट्ट्यातला, जिथे विमाने बोलतात. निमकरांनी सव्वीस वर्षे ते केंद्र सांभाळले होते. आता तिथे मनोराही उरला नव्हता, आणि त्या लहरीवर केवळ खरखर होती.

केंद्राचा एक धर्म होता. त्याच्या संकेतात दोन अक्षरांची ओळख तारायंत्राच्या टिंब-रेघांत अखंड वाजे. दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी ती काढून ठेवायची, म्हणजे निनावी संकेतावर कोणी विसंबणार नाही. काम संपताच पुन्हा जोडायची. बारा वर्षांपूर्वीच्या श्रावणात निमकर ती जोडायला विसरले. चार वाजून दहा मिनिटांनी कुलूप लावून टेकडी उतरले. त्याच अर्ध्या तासात त्यांचा मुलगा चंद्रप्रकाश लहानशा प्रशिक्षण-विमानातून, ढगांवरून एकटा परतत होता. "ज्याला नाव नाही, त्याच्यामागे जाऊ नकोस," हे त्याला वडिलांनीच शिकवले होते. तो त्या निनावी संकेतामागे गेला नाही. समुद्राकडे वळला. पुढे काहीच सापडले नाही.

त्या दिवशी सकाळी गुरुजींचा फोन येऊन गेला होता. "निमकर, बारा वर्षं भरली. उद्या पळसाच्या पानांचा पुतळा करून दाह देऊ. शास्त्राला याहून अधिक वाट पाहता येत नाही."

"शास्त्राला पोटचं पोर नसतं," पद्मजाबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या होत्या.

"पद्मजा, त्याला सोडायला हवं गं."

"तुम्ही एकदा सोडलंत, तेवढं पुरे."



दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी खरखर थांबली.

रेडिओ बंद पडला नव्हता. त्याचा दिवा तेवत होता. जाणत्या कानाला ती शांतता कळते. कोणीतरी लहर सोडते आहे, पण नाव सांगत नाही. टेबलावर शिकाऊंना सरावासाठी देत ती टिंब-रेघा ठोकायची जुनी कळ पडली होती. तिची तार कशालाच जोडलेली नव्हती. त्यांनी तिच्यावर बोट ठेवले आणि ती दोन अक्षरे ठोकली. एकदा. पुन्हा.

रेडिओतून ती स्वच्छ वाजली.

मग दुसऱ्या रेडिओतून आवाज आला. "बाबा, ओळख मिळाली. आठ मिनिटांत पोचतो."

पद्मजाबाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या. पदर तोंडाशी धरून त्यांनी ऐकले. मग फोन उचलून गुरुजींना एवढेच सांगितले, "उद्या येऊ नका."

आठ मिनिटे गेली. तास गेला. आवाज तेच सांगत राहिला, आणि निमकर ठोकत राहिले. एक बोट ताठले की दुसरे. पद्मजाबाई त्यांना बसल्या जागी दहीभात भरवीत.

तिसऱ्या दुपारी आवाज थकलेला होता.

"बाबा, इंधन केव्हाच संपलंय. तुम्ही ठोकताय तोवर मला खालीही जाता येत नाही. थांबा ना."

निमकरांनी डोळे मिटले. बोट उचलले.

ओळख थांबली नाही.

कळ निश्चल होती. रेडिओतून मात्र दोन्ही अक्षरे वाजतच होती, त्यांच्या हाताहून नेमकी. त्यांनी मागे पाहिले. पद्मजाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. ही लिपी त्या कधी शिकल्या नव्हत्या. त्यांचे एक बोट गुडघ्यावर आपटत होते.

"पद्मजा, पुरे गं. तो थकलाय."

"येईल," त्या म्हणाल्या. बोट थांबले नाही.



"हो, आई," दुसऱ्या रेडिओतून चंद्रप्रकाश म्हणाला. सातव्या वर्षी म्हणत असे, त्या आवाजात.