सहाव्या रॅकेटची ग्रिप

दुहेरीच्या अंतिम सामन्याला तासभर उरला होता आणि एक खेळाडू गायब होता.

स्पर्धाप्रमुखाचा फोन आला तेव्हा इन्स्पेक्टर बाईंनी तो आधी थट्टेवारी नेला. सहा फुटांहून उंच माणूस हरवायला तो काय छत्री आहे? पण पलीकडचा आवाज कापत होता.

"मॅडम, फोन बंद आहे आणि बॅग इथेच आहे. टेनिसपटू एक वेळ पाकीट विसरेल, बायकोला विसरेल, पण रॅकेटींची बॅग सोडून जाणार नाही."

बाई हवालदाराला घेऊन निघाल्या.

सभागृहाला एकही खिडकी नव्हती. मधोमध निळं कोर्ट, वर झगझगीत दिवे आणि दोन्ही बाजूंना गॅलऱ्या. बाहेर दुपार आहे की रात्र, आत बसलेल्याला कळायची सोय नव्हती. लोक येऊन बसू लागले होते. डावीकडची गॅलरी घडीची होती. बटण दाबलं की बाकांच्या रांगा एकमेकींच्या पोटात शिरत भिंतीला जाऊन भिडायच्या. संध्याकाळी तिथे दुसराच कार्यक्रम होता, म्हणून सामना संपला की ती लगेच मिटायची होती. स्पर्धाप्रमुखाने हे जाता जाता सांगितलं. बाईंना ती जागा आवडली नाही.

जोडीचा प्रशिक्षक खुर्चीच्या काठावर बसला होता. गायब खेळाडूच्या जोडीदाराचा तो सख्खा मामा. आईबाप गेल्यावर भाच्याला त्यानेच वाढवलं आणि खेळाडू केलं. सगळे त्याला मामाच म्हणत.

"शेवटचं कोणी पाहिलं त्याला?" बाईंनी विचारलं.

"मीच. सकाळचा सराव आटोपला आणि भाचा फिजिओकडे गेला. दुपारी मी कपडे बदलायच्या खोलीत गेलो, तर बगळा रॅकेटला नवी ग्रिप गुंडाळत बसला होता."

"बगळा?"

"सगळे तेच म्हणतात. नेटपाशी तसाच टपून उभा असतो."

"मग?"

"मग त्याला फोन आला. चेहरा उतरला त्याचा. रॅकेट बॅगेत कोंबली आणि मागच्या फाटकातून रस्त्यावर गेला. तिथे कॅमेरा नाही." मामाने उजव्या हाताने कपाळ पुसलं. "तुम्ही शहरात शोधा, मॅडम. इथे वेळ घालवू नका." मग तो स्पर्धाप्रमुखाकडे वळला. "आणि साहेब, आम्ही सामना सोडला म्हणून जाहीर करून टाका. लोकांना कशाला ताटकळत ठेवायचं?"

स्पर्धाप्रमुख होकारार्थी मान हलवत निघून गेला. बाई मात्र मामाकडे बघत राहिल्या. भाच्याच्या आयुष्यातली पहिली मोठी फायनल, आणि हा माणूस एक मिनिटही थांबायला तयार नाही? कुठेतरी पाणी मुरत होतं.

त्यांनी बगळ्याची बॅग उघडली. आत सहा रॅकेटी होत्या. पाच रॅकेटींच्या मुठी घामाने मळलेल्या, आणि ग्रिपच्या पट्टीच्या कडा एकाच बाजूला झुकलेल्या. सहावीची ग्रिप कोरी करकरीत होती, पण तिच्या कडा उलट्या बाजूला झुकल्या होत्या.

बाईंनी स्पर्धाप्रमुखाला बोलावून घेतलं. तो तरुणपणी खेळलेला माणूस होता. त्याने रॅकेट हातात घेतली आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"ही डावखुऱ्याची गुंडाळणी आहे. पुरुषांच्या आणि बायकांच्या शर्टाची बटणं जशी उलट बाजूंना, तसंच हे. चुकीच्या बाजूने गुंडाळली तर खेळताना कड सुटते आणि पट्टीचा तळहाताखाली गोळा होतो."

"बगळा कुठल्या हाताने खेळतो?"

"उजव्या. डावखुरा त्याचा जोडीदार."

बाईंनी रॅकेट परत हातात घेतली. म्हणजे ही ग्रिप बगळ्याने गुंडाळलीच नव्हती. मग तो दुपारी त्या खोलीत होता तरी का? हवालदार बाहेर फाटकापाशी चौकशी करत होता. साप साप म्हणून भुई धोपटणं चाललं होतं नुसतं.

भाचा मार्गिकेत भिंतीला टेकून उभा होता. डोळे लाल झालेले.

"ही ग्रिप तू गुंडाळलीस?" बाईंनी रॅकेट त्याच्यापुढे धरली.

"मी? नाही."

"तुझ्या हाताची आहे."

"मॅडम, मी जन्मात कधी ग्रिप गुंडाळलेली नाही. मला येतच नाही. लहानपणापासून मामाच गुंडाळतात. रॅकेटला हात लावू देत नाहीत. 'तू फक्त खेळ,' म्हणतात."

"आणि बगळ्याच्या रॅकेटी?"

"त्याच्या तोच गुंडाळतो. मामांनी कधीच…" तो मध्येच थांबला.

तेवढ्यात ध्वनिक्षेपकावर घोषणा झाली. अंतिम सामना होणार नव्हता. लोक कुरकुरत उठले, आणि थोड्या वेळाने सभागृहातून एक जड घरघर ऐकू आली.

"हा कसला आवाज?" बाईंनी विचारलं.

"गॅलरी मिटतेय," भाचा म्हणाला.

सामना सोडल्याने काय बदललं? एकच गोष्ट. गॅलरी संध्याकाळऐवजी आत्ताच मिटत होती. बाईंना ते कळलं आणि त्या धावत सुटल्या.

"बंद करा! मशीन बंद करा!"

खालच्या दोन रांगा आत गेल्या होत्या, तिसरी सरकत होती. बटणापाशी उभा असलेला माणूस गोंधळून नुसता बघत राहिला. बाईंनी त्याला ढकलून लाल बटणावर हात मारला. घरघर थांबली. त्या वाकून लोखंडी सांगाड्याखाली शिरल्या. जुन्या नेटची गुंडाळी उलगडून कशावर तरी पसरलेली होती, आणि तिच्याखालून एक लांबलचक पाय बाहेर आला होता. सरकत आलेला लोखंडी दांडा त्या पायापासून वीतभर अंतरावर होता.

बगळ्याच्या डोक्याला जखम होती. श्वास चालू होता, पण जेमतेम.

डॉक्टर आले. त्याला तिथेच तपासू लागले. हवालदाराने मामाला कोर्टावर आणलं. भाचाही आला.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," बाई म्हणाल्या. "तुम्ही आम्हाला वळसा घालायला पाठवत होता, मामा."

"मी काही केलेलं नाही."

"सराव संपल्यावर तो मागे थांबला होता. तुमचं त्याच्याशी भांडण झालं, तो गॅलरीच्या पायऱ्यांवरून पडला. तुम्ही त्याला खाली ओढून नेटने झाकलंत. पण आम्ही त्याला सभागृहात शोधायला नको होतं. म्हणून दुपारी तो जिवंत आणि धडधाकट दिसल्याची गोष्ट रचलीत. गोष्टीला पुरावा हवा म्हणून त्याच्या रॅकेटला नवी ग्रिप घातलीत. मन भलतीकडे होतं, काम हातांनी केलं. आणि तुमच्या हातांनी आयुष्यभर भाच्याच्याच ग्रिप गुंडाळल्यात. भाच्याला तर ते येतही नाही."

"उरला प्रश्न गॅलरीचा. ती मिटली असती तर डोक्याची जखम कोणी वेगळी काढली असती? परत येऊन खाली शिरला आणि चिरडला, असं सगळे म्हणाले असते."

"ढकलायचं नव्हतं मला त्याला!" मामाचा बांध फुटला. "पुढच्या आठवड्यापासून दुसऱ्याबरोबर खेळणार म्हणाला. एवढी वर्षं माझ्या पोराच्या जिवावर वर आला, आणि आता त्याला टाकून चालला! मी कारण विचारलं, तर खाली मान घालून उभा राहिला नुसता. मी ढकललं. मग हलेचना. मला वाटलं, मेला."

"मेला वाटलं, तर एवढी घाई कसली होती?"

मामाने मान वळवली. उत्तर सगळ्यांनाच कळलं. मघाशी त्याने नेटखालून कण्हणं ऐकलं होतं, आणि बगळा शुद्धीवर यायच्या आत गॅलरी मिटायला हवी होती.

"तुझ्यासाठीच केलं रे," तो भाच्याला म्हणाला. "तुला टाकून चालला होता तो."

भाच्याने डावा खांदा उजव्या हाताने दाबून धरला.

"तो नव्हता टाकून जात, मामा. मीच त्याला म्हटलं होतं, दुसरा जोडीदार बघ. माझा खांदा गेलाय. डॉक्टरांनी महिन्यापूर्वीच सांगितलं. ही फायनल माझी शेवटची होती."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुमच्यासमोर तोंड उघडायची छाती कधी होती माझी? त्याला शपथ घातली होती, मी सांगेपर्यंत तू बोलू नकोस म्हणून. म्हणून तो मान खाली घालून उभा राहिला."

लोकांनी बगळ्याला स्ट्रेचरवर घेतलं. भाचा त्याचा हात धरून बरोबर निघाला. मामा दोन पावलं पुढे गेला, पण हवालदाराने त्याला अडवलं. मग त्या दिवसात पहिल्यांदाच त्याने विचारलं, "वाचेल ना तो?"

"डॉक्टर म्हणतात, वाचेल," बाई म्हणाल्या. "तुम्हाला ते नको होतं, पण वाचेल."