चौथ्या पिस्टनची वरची रिंग

दूध संस्थेचा टँकर दिंद्रुडच्या अलीकडे भर दुपारी जाम झाला, तोही पाण्याने भरलेला. चारा छावणीत जनावरं कोरड्या हौदापाशी ताटकळत उभी राहिली. दिवस मावळायच्या आत भरत मिस्त्री पोलीस चौकीच्या बाकावर होता, कारण इंजिन त्यानेच बांधलं होतं. आपल्याकडे आरोपी आधी ठरतो, तपास सवडीने होतो.

फौजदार शिवकन्येला हे मुळीच रुचलं नव्हतं. तिने इंजिन दुसऱ्या मिस्त्रीकडून खोलून घेतलं आणि सकाळी चारही पिस्टन टेबलावर मांडले. तेव्हापासून ती एका जागी बसली नव्हती.

"मॅडम, याला आज कोर्टात उभा करा," संस्थेचे चेअरमन बबनराव म्हणाले. "खाजगी टँकरवाल्यांना फितूर झालाय हा. आमच्या ड्रायव्हरनं याला त्यांच्यात बसलेलं बघितलंय. तसा जबाब हाय."

तो ड्रायव्हर, शहादेव, दारातच होता. भरतचा सख्खा मामा. पाना कसा धरायचा हे भाच्याला त्यानेच शिकवलेलं. आता हातात भाकरीचा डबा घेऊन तो या पायावरून त्या पायावर होत होता. "बघितलं ते सांगितलं," तो म्हणाला. "पण पोरगं वाईट न्हाई."

शिवकन्या भरतकडे वळली. "इंजिन कशानं गेलं?"

"चौथ्या पिस्टनच्या वरच्या रिंगची तोंडं भिडली."

"नीट सांग."

"रिंग पुरी गोल नसती, मॅडम. दोन तोंडांत फट ठिवावी लागती. तापली की रिंग वाढती. फट कमी पडली तर हात सुजल्यावर बांगडी रुतती तशी सिलिंडरात रुतती. त्यात ह्याला टर्बो. टर्बो हवा कोंबून भरतो, आग लई होती. साध्या इंजिनापेक्षा फट जादा लागती. मी एकेक रिंग सिलिंडरात उतरवून, फिलर गेजच्या पातळ पात्यानं फट मोजून, कानशीनं घासलती."

"मग ही भिडली कशी?"

भरतने मान खाली घातली. "बसवताना परत मोजली न्हाई."

"कावून?"

"घासल्यावर रिंगा कपिलधारच्या समाधीला जाऊन आलत्या. स्वामींच्या पायाला लागलेल्या वस्तूला परत कानस लावायची न्हाई म्हणून सांगितलंतं मला."

सांगणाऱ्या वत्सलाबाई, संस्थेच्या संचालिका, खुर्चीत सावरून बसल्या. "मीच सांगितलं. इंजिन सारखं बिघडायचं. चार पिस्टनच्या चार पुरचुंड्या घेऊन शहादेवसंगं गेलते. एकेका रिंगला माझ्या हातानं विभूती लावली."

"एखादी राहिली असेल?"

"एकबी न्हाई."

"येताना?"

"मी बीडला लेकीकडं राहिले. शहादेव जीप घेऊन पुढं आला."

शिवकन्येने एक घासलेली रिंग उचलून उजेडात धरली. तोंडावर कानशीच्या बारीक रेघा होत्या. चौथ्या पिस्टनच्या वरच्या रिंगची तोंडं नुसती चकाकत होती, रेघ एकही नव्हती.

"भरत, बसवताना रिंगांना विभूती होती?"

"डिझेलनं धुतल्या तवा बोटांना लागत होती. ही एकटीच कोरी होती. म्हणलं, बाईंच्या नजरेतून सुटली."

शिवकन्या दारापाशी गेली.

"मामा, जुन्या टँकरच्या रिंगा कोण बसवायचं?"

"मीच की. डबा उघडायचा आन् बसवायची. त्यात घासायचं काय?" शहादेव म्हणाला.

"तेच," शिवकन्या म्हणाली. "बाईंनी सगळ्या रिंगांना विभूती लावली. भरतच्या हातात एक कोरी आली. म्हणजे ती कपिलधारला गेलीच नव्हती. बदलली ती येताना, आणि येताना जीपमध्ये तुम्ही एकटे होतात. भरतला इंजिन मारायचं असतं तर त्याला रिंग बदलायची गरजच नव्हती, कमी घासली असती तरी भागलं असतं. बदलणाऱ्याला घासण्याचं कारणच ठाऊक नव्हतं. त्याचा सगळा जन्म साध्या इंजिनावर गेलेला. बीडमधून त्याच मापाची नवी रिंग आणली आणि पुरचुंडीत ठेवली. आधीची मोडली कशी?"

शहादेव भिंतीला टेकला. "तोंड फाकवून बघत होतो. काडकन गेली. नोकरी जाईल वाटलं. मग टँकर बंद पडला, आन् म्या भलतंच बोलून बसलो. त्यो कुणात बसला नव्हता."

"मोडकी रिंग टाकली कुठं?"

"टाकली न्हाई." त्याने कोपरीच्या खिशातून फडक्याची गाठ काढली. रिंगचे दोन तुकडे होते, तेलात माखलेली विभूती अजून चिकटलेली. एका तोंडावर कानशीच्या रेघा होत्या. "स्वामींचं हाय ते. फेकू कसं?"

बबनराव पाय आखडून बसले. वत्सलाबाईंनी सवयीने तुकड्यांना हात जोडले आणि भरतकडे बघून हळूच म्हणाल्या, "आता इंजिन सुरू झालं की मग जाऊ दर्शनाला. तू आधी तुझी मापं घे."

भरत बाकावरून उठला. शिवकन्येने शहादेवला त्याच्या जागी बसायला सांगितलं. खोट्या जबाबाऐवजी त्याला आता खरा जबाब लिहून द्यायचा होता.

"मामा," भरत म्हणाला, "मोडली म्हणून सांगितलं असतं, तर म्या दुसरी घासून दिली असती."

शहादेवने डबा पुढे केला. भरतने तो घेतला, बाकावर मामाच्या शेजारी ठेवला आणि जप्त केलेली कानस मागून घेऊन छावणीच्या वाटेला लागला.