रोडाआईची शाल

या, जरा जवळ सरका. चहा निवला तर निवू दे. एका वसतिगृहातल्या लाल सिलिंडरची हकीकत सांगतो, आणि ऐकून झाल्यावर तुमच्याकडे माझं एक मागणं आहे.

मी सिलास. केनियातल्या बुंगोमाच्या आसपासच्या शाळा, दवाखाने, मक्याच्या गिरण्या इथली आग विझवायची सिलिंडरं तपासतो. काम साधं आहे. दाबाचा काटा हिरव्यात आहे का, सील शाबूत आहे का हे पाहायचं, उचलून वजन अजमावायचं, आणि गळ्यातल्या टॅगवर त्या महिन्यासमोर सही करायची. काम साधं, पण माणसं जीव नकोसा करतात. कुणी सिलिंडरवर टॉवेल वाळत घालतं. कुणी नवं दिसावं म्हणून वरचं प्लास्टिकच काढत नाही. बाकीचे चोरीच्या भीतीने ते साहेबांच्या खोलीत कुलपात ठेवतात. म्हणजे आग लागली की आधी किल्ली शोधा!

मसिंदे सर या सगळ्यांचे गुरू. ते मुलींच्या शाळेचे मुख्याध्यापक. तिथे मी जानेवारीत गेलो, तर टॅगवर डिसेंबरपर्यंतच्या सह्या, त्याही एकाच पेनने.

"सर, डिसेंबर अजून यायचाय."

"येणारच आहे ना? मग उरकून टाकलं. तुम्हाला लोकांना छळल्याशिवाय जेवण जात नाही का हो?"

मी तो टॅग फाडला, नवा बांधला आणि सिलिंडर कुलपातून काढून वसतिगृहाच्या बोळात टांगलं. शेजारी खुर्चीवर बसून मेट्रन सगळं बघत होती. रोडा नालियाका तिचं नाव. मुली रोडाआई म्हणायच्या, मीही तेच म्हणायचो. आम्ही एकाच चर्चचे. आमचे उपदेशक उपदेश बोलत नाहीत, गातात. "राखण कोण करतो?" असा त्यांनी सूर लावला की अख्खं देऊळ उत्तर देतं, "जो जागतो तो!" त्या उत्तरात रोडाआईचा आवाज सगळ्यांच्या वर. तो ऐकला की माझा आठवडा बरा जायचा.

फेब्रुवारीत काटा लाल खुणेवर होता. सील जसंच्या तसं.

झडपेतून दाब गळतो कधी कधी. पण मी उचललं तर ते हलकं लागलं. आतली पावडरच गेली होती, आणि जमिनीवर पांढरा कण नव्हता. मी वैतागून दुसरं सिलिंडर टांगलं. मार्चमध्ये तेही रिकामं. मग स्वयंपाकघरातलं बोळात आणलं, बोळातलं भरून स्वयंपाकघरात लावलं. स्वयंपाकघरातलं भरलेलं राहिलं. बोळातलं पुन्हा रिकामं.

"पोरी खेळतात आणि ही बाई झोपा काढते," मसिंदे सर म्हणाले. "आणखी एकदा रिकामं सापडलं तर मेट्रन बदलणार."

सर गेल्यावर रोडाआई हळूच म्हणाली, "मला कामावरून काढू दे रे. पण ते भरलेलं ठेव."

"अगं आई, पावडर जाते कुठे?"

"वापरली जाते."

"कोण वापरतं?"

"भिंतीला हात लाव."

भिंत कोमट होती. मी म्हटलं, उन्हाने तापली असेल. म्हणालो खरा, पण त्या भिंतीवर आंब्याची सावली असते, ऊन येतच नाही. कसला तरी जळका वास होता. तोडणीआधी उसाचा पाला पेटवतात, त्याचा असेल, असं मी सांगितलं.

"उसाचा धूर गोड लागतो, सिलास. ही गादी जळतेय."

मला असलं बोलणं आवडत नाही. एका सकाळी मुली वर्गात गेल्यावर मी सिलिंडर भरून टांगलं आणि समोर तिच्या खुर्चीत ठाण मांडलं. खिडक्या बंद होत्या. चर्चमधलं 'राखण कोण करतो?' गुणगुणत बसलो होतो.

टॅग भिंतीपासून सुटला आणि वर उचलला गेला.

काटा सरकू लागला. आवाज नाही, पावडर नाही. हिरव्यातून तो लालवर आला आणि थांबला.

उचललं, तर रिकाम्या जेरीकॅनसारखं. सील शाबूत. भिंतीवर हात ठेववेना.

मी टॅगवर लिहिलं: 'जागेवरून हलवू नये. दर आठवड्याला भरावे.' सरांनी ते वाचलं आणि भडकले. "दर आठवड्याला? ही शाळा आहे की अग्निशमन केंद्र?" मी नुकतंच भरलेलं सिलिंडर त्यांनी काढायला लावलं आणि स्वतःच्या खोलीत कुलपात ठेवलं. "आता बघतो कसं रिकामं होतं ते!"

मी घसा बसेपर्यंत भांडलो. भिंतीशी भांडावं तसं.

रोडाआई एवढंच म्हणाली, "बरं. मग मी बसते."

"बसा की! पगार त्याचाच घेता," सर म्हणाले.

संध्याकाळी तिने ढेकूण झाल्याचं सांगून सगळ्या मुलींची अंथरुणं जेवणघरात हलवली. स्वतः मात्र बोळात, रिकाम्या हुकाखाली खुर्ची ओढून बसली.

सकाळी ती तशीच बसलेली सापडली.

वसतिगृहात एक धागा करपला नव्हता. चादरी पांढऱ्याशुभ्र. डॉक्टर म्हणाले, गुदमरून गेली, फुप्फुसं धुराने भरली होती. आगीचं काम करणारा म्हणून त्यांनी मलाच विचारलं, "कुठली आग?"

सिलिंडर सरांनी स्वतः आणून टांगलं. किल्लीचं नाव पुन्हा काढलं नाही.

तेव्हापासून ते भरलेलं आहे. दर महिन्याला काटा हिरव्यात. मुली परत तिथेच झोपतात. वसतिगृह बंद करा म्हणून मी लिहून लिहून थकलो. मसिंदे सरांचं उत्तर एकच: "काटा हिरव्यात आहे ना? मग सही करा."

करतो. पण त्याच हुकावर मुलींनी रोडाआईची पिवळ्या फुलांची शाल अडकवली आहे. पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती जमिनीला टेकत होती. पुढच्या महिन्यात तिची खालची कड काळी पडली होती. त्यानंतर दर महिन्याला ती वर वर सरकत आली. खाली राख पडत नाही. टॅगवर शालीसाठी रकाना नाही.

म्हणून मागणं एवढंच. आज दिवा मालवताना रोडा नालियाकाची आठवण काढा. नाव मोठ्याने घेतलंत तर जास्त बरं, म्हणजे ती तिथे जागी राहील. परवा गेलो होतो, शाल हातरुमालाएवढी उरली आहे.