डाव्या भेगेजवळची कपार

तो आला तेव्हा मी एकटीच बोलत होते. मोठ्यांदा. "कपार सात... घरटी शून्य," असं नोंदवहीलाच वाचून दाखवत. अभयारण्याच्या त्या कचेरीत दिवसदिवस कोणी फिरकत नसे. निदान आपला आवाज तरी कानावर पडावा.

"शून्य कसं? मी आलोय की," दारातून कोणीतरी म्हणालं.

खांद्यावर दोराचं वेटोळं, उन्हानं सोललेलं नाक. गिर्यारोहक. त्याला समोरची मोठी भिंत, म्हणजे आमचा तो सरळसोट कडा, चढायचा परवाना हवा होता.

"मिळेल. पण चढताना जे दिसेल ते या पत्रकात भरून आणायचं. पक्षी, घरटी... शेवटच्या रकान्यात धोके. आमची दुर्बीण पोचत नाही तिथे तुम्ही पोचता."

"मला पक्ष्यांतलं काही कळत नाही हो. काळा, मोठा, रागीट — एवढंच."

"तेवढंच लिहा. बाकी मी बघते."

मग दर शनिवारी तो पत्रक आणू लागला. धोक्यांच्या रकान्यात एकदा प्लास्टिकच्या पिशव्या, एकदा विझवलेली चूल, आणि एकदा — 'परवाना देणाऱ्या बाई हसत नाहीत.' तो कागद मी साहेबांकडे पाठवलाच नाही. संध्याकाळी आईचा फोन आला. "आवाज वेगळा का गं? सर्दी झालीय?"

"हो," म्हटलं, "झालीय."

तीन वर्षं त्याच्या डोक्यात एकच होतं: भिंतीच्या उजव्या भेगेतून माथा गाठायचा. तिथून अजून कोणी गेलं नव्हतं. बाजूच्या सोप्या वाटांवरचा त्याचा सराव आता संपत आला होता.

एका शनिवारी तो धापा टाकतच आला. "ससाणा! ओळखला की नाही? डाव्या भेगेजवळची कपार. तीन अंडी!"

मी दोन दिवस दुर्बीण लावून बसले. डावीकडे काहीच नव्हतं. 'खात्री झाली नाही' असा शेरा मारला आणि उजव्या भेगेचा त्याचा परवाना तयार केला. खरं सांगू? हायसं वाटलं. अंडी सापडली की भिंत तीन महिने बंद. मग तो इथे कशाला आला असता?

बुधवारीच तो दारात. मी परवाना पुढे केला. त्यानं हात लावला नाही.

"डावीकडे काही दिसलं नाही ना?"

"नाही."

"दिसणारच नाही. मी माथ्यावर बसून लिहिलं होतं, दरीकडे तोंड करून. माझं डावं ते तुमचं उजवं. आज बूट घालताना लक्षात आलं..."

उजवी भेग. त्याचीच वाट.

"गप्प बसला असतात तर कोणाला कळलंही नसतं."

"दोर बघून मादी उठली असती हो. आणि परतलीच नसती तर?"

मी परवाना फाडला. बंदीच्या हुकमाचा कागद पुढे ओढला.

"माझे दोघं सोबती उद्याच दुसऱ्या डोंगराकडे निघतायत," तो म्हणाला. "मी नाही गेलो तर त्यांचं अडेल."

"मग जायलाच हवं."

किती शहाण्यासारखं बोलले मी! तो दारापर्यंत गेला, आणि तिथे माझं शहाणपण संपलं.

"ऐका ना... मला त्या अंड्यांचा राग आलाय. पक्षी राखायची नोकरी माझी, आणि मलाच..."

तो वळला. "का?"

"तुम्ही यायचे बंद होणार म्हणून."

तो परत आला. घट्टे पडलेली बोटं टेबलावर टेकवली. माझ्या हातापासून वीतभर लांब... मग तेवढीही नाही.

"भिंत बंद," तो हळूच म्हणाला. "कचेरी उघडी असते ना?"

"असते."

"मग महिन्याभरानं येतो. पत्रक मात्र मागू नका."

"ये," मी म्हणाले.

खिडकीतून पायवाट पहिल्या वळणापर्यंतच दिसते. तेवढी बघितली. मग सही केली, शिक्का मारला आणि 'चढाई बंद'ची पाटी उचलून एकटीच वर निघाले. पाटी जड होती. अर्ध्या वाटेत टेकले, दुर्बीण डोळ्यांना लावली — उजवीकडे.

ती बसली होती. वाऱ्यानं पिसं विस्कटलेली, पोटाखाली ऊब धरून. नर खाणं घेऊन येईपर्यंत ती जागची हलणार नव्हती.

मी बराच वेळ बघत राहिले. मग पाटी उचलली.