न पुसलेली नोंद

औषधांच्या कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळणारी म्हणून माझा पहिलाच दिवस होता. कंट्रोल रूममधल्या कॉम्प्युटरला चिकटवलेली पासवर्डची चिठ्ठी मी ओढून काढली, तेवढ्यात मागून आवाज आला —

"अहो बाई, त्या एका चिठ्ठीवर आमच्या तीन पाळ्या चालतात!"

वळून पाहिलं. सकाळच्या पाळीचा ऑपरेटर. उंच, बाह्या दुमडलेल्या, आणि डोळे असे की… जाऊ दे, आता या वयात काय सांगायचं!

"आता प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा," मी म्हणाले. "टाकीचं तापमान फक्त ऑपरेटरने बदलायचं, बाकीच्यांनी नुसतं बघायचं. कोणी काय बदललं, त्याची नोंद राहील."

"म्हणजे तुमचं आमच्यावर लक्ष असणार?"

"सगळ्यांवर."

"सगळ्यांवर? मग माझ्या वाट्याला कितीसं येणार!"

मी रागावल्यासारखं केलं. पुढचे सहा महिने तो काही ना काही विचारायला माझ्या टेबलाशी यायचा, आणि नाही आला की माझं कामात लक्ष लागायचं नाही.

मग एके दुपारी खोकल्याच्या औषधाची अख्खी टाकी करपली. नोंदीत तापमान त्याच्या नावाने वाढवलेलं. तो मात्र तेव्हा जेवायला गेलेला. जाताना त्याने टाकीकडे बघायला वजनकाट्यावरच्या काकांना आपला पासवर्ड सांगितला होता… दहा मिनिटांपुरता.

आठवड्याभरात तो सुपरवायझर होणार होता. साहेबांनी मला बोलावलं.

"पोरगा गुणी आहे. तेवढी नोंद पुसून टाका. तुम्हाला जमतं ना?"

जमत होतं. अख्ख्या कारखान्यात एकट्या मलाच जमत होतं.

"जमतं, साहेब. पण पुसणार नाही."

"पुसूही नका," दारातून तो म्हणाला. किती वेळ उभा होता, कोण जाणे. "पासवर्ड मी दिला, चूक माझी. काकांना बोल लावू नका."

बढती गेली. माझी मान मात्र त्याच्या अभिमानाने ताठ झाली.

संध्याकाळी तो जिन्यात थांबला होता.

"रागावलात?" मी विचारलं.

"रागावलो असतो तर थांबलो असतो का?… घरी आईला सांगू — आपल्याबद्दल?"

"त्यांनी विचारलं, मुलगी कशी आहे, तर?"

"सांगेन — माझ्यासाठीसुद्धा खोटं वागली नाही."

पाळी नुकतीच सुटली होती. सगळ्यांच्या देखत मी त्याच्या शेजारून चालत फाटकाबाहेर पडले.